माणदेशातली जगबुडी

जगबुडीची वाट माझ्या थोरल्या चुलत्याइतक्या हौसेनं पाहणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल. आणि तीही माणसारख्या मुलखात, जिथं घागर भरायला बायका झऱ्याच्या खड्ड्यात वाटी घेऊन बसायच्या. आमचं घर मेंढरांवर जगणारं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचं, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि त्या बदल्यात मिळेल त्या धान्यावर वर्ष काढायचं. ते कधीच पुरलं नाही. आई हुलग्याच्या माडग्यात पाणी वाढवत जायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तात्या, म्हणजे हे चुलते, मुंबईच्या गोदीतली हमाली सोडून परतले ते एका बैराग्याचं भाकीत घेऊनच: अधर्म फार झाला, येत्या शिमग्याच्या आत पृथ्वी बुडणार. त्या दिवसापासून तात्यांच्या लेखी उद्या म्हणून काही उरलंच नाही. वहाणेचा अंगठा तुटला तर शिवून घेईनात; "थोडक्यासाठी चांभाराला कशाला तरास?" म्हणत एक पाय अनवाणी टाकत हिंडले. ज्याची त्याची माफी मागत सुटले. लहानपणी दगड मारला म्हणून एका म्हाताऱ्याच्या पाया पडायला परगावी गेले, आणि त्याला तो दगड आठवेना तेव्हा त्याच्यावरच उखडले, "आवं, आठवा की! येळ न्हाई आता."

लोक हसायचे, पण ऐकायचे. पोरं लढाईवर गेलेली, महागाई बोकांडी बसलेली; जग संपतंय हे कुणालाच फार खोटं वाटत नव्हतं. शिवाय पाणी येणार होतं! शेजारची म्हातारी म्हणाली, "बुडवाया का हुईना, येतंय न्हवं? येऊ दे की!"

त्या दिवाळीनंतर तात्यांनी पारावर सांगितलं, "किष्णाकाठ आदी बुडणार. मेंढरं घिऊन डोंगरावर चला."

"दादा, वर चारा न्हाई," वडील म्हणाले.

"चाऱ्याचं काय घिऊन बसलायस, गड्या? जीव वाचतोय का बघ."

थोरल्याचा शब्द मोडायची आमच्यात रीत नव्हती. आमचा कळप वर गेला, त्यामागं निम्म्या वाडीचे गेले. शिमगा आला आणि गेला. आभाळात ढगाचं नख दिसलं नाही. मेंढरांनी बाभळीच्या शेंगा संपवल्या, मग साली सोलल्या, शेवटी एकमेकांची लोकर खाल्ली. आमचा कळप त्या डोंगरावरच संपला, मागून आलेल्यांचेही संपले.

तात्यांना कुणी शिवी दिली नाही. फक्त कुणी त्यांना काही विचारेनासं झालं. राखायला मेंढरं उरली नाहीत म्हणून वडिलांनी मला सांगलीला शिकायला धाडलं. तात्या दुसऱ्यांची मेंढरं राखू लागले. मजुरीत कोकरू मिळालं की ज्याचा कळप गेला त्याच्या दारात बांधायचे आणि कुणी बाहेर यायच्या आत निघून जायचे.

कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेनंतर मी त्यांना माळावर गाठलं. त्यांनी एक चुकार कोकरू कळपात वळवलं. मग म्हणाले, "तू शिकलायस म्हून इचारतो. जग बुडणार व्हतं का रं?"

दुसरं काही सांगणं सोपं होतं. पण त्यांनी मला शिकलेला म्हणून विचारलं होतं.

"न्हाई, तात्या."

त्यांनी मान हलवली. "मंग मेंढरं उगाच मेली."

माझ्या डोक्यावर हात ठेवून ते कळपामागं चालू लागले.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झालो. आमच्या वाडीतला पहिला.