आक्कांना तो शेवट मान्य नव्हता

मालूआक्का पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान वाचायच्या. "कोण ऱ्हायलं, कोण गेलं, ते कळलं की निवांत वाचाय येतंय," म्हणायच्या. येळ्ळूरच्या आक्का बेळगावच्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या. तिथंच खासबागेत माझ्या घरी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचं वाचन मंडळ भरायचं. कोणी काय वाचायचं, चहा कोणी करायचा, याची यादी मी ठेवायची. यादीबाहेरचं बोलायच्या त्या फक्त आक्का.

एका रविवारी आमच्यातल्या प्राध्यापकांनी एक कथा वाचली. साथीत साऱ्या जगातली माणसं संपतात. शेवटी ओस गावात वेली भिंतींवर चढतात, पाखरं येतात, झाडांना बहर येतो. पृथ्वीला काही कळलेलंही नसतं. एकजण हळूच "वा" म्हणाले.

"सर, सगळी मेली न्हवं?" आक्कांनी विचारलं. "मग बहर आला हे सांगतंय कोण? लेखक तेवढा माळ्यावर लपून ऱ्हायलता व्हय?"

आम्ही हसलो. सर गंभीर होते. "आक्का, निसर्गाला आपली पर्वा नाही. हे मान्य करण्यातच शहाणपण आहे."

"नसंना. त्याला पर्वा न्हाय म्हणून आपणबी मान डोलवायची? वेल आपोआप चढती, सर. माझं वासाचं भात पेरायलाच लागतंय."

ते सुवासिक भात त्यांच्या सासूच्या वेळेपासूनचं. एकरी उतारा कमी म्हणून येळ्ळुरात आता कोणीच ते पेरत नव्हतं. त्याच वर्षी आक्कांचं पोटाचं दुखणं निघालं आणि ऑपरेशनच्या गडबडीत त्यांचं रान पडीक राहिलं. पुढच्या मे महिन्यात डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं, तेव्हा घरात जुनं बी डबाभर उरलं होतं. यंदा पेरलं नाही, तर ते पुन्हा उगवणार नव्हतं. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "आई, आता कशाला? बाजारात पाहिजे तेवढा तांदूळ मिळतोय."

"मी जाणारच हाय रं. ते कशाला माझ्यासंगट जाईल?"

मी यादी केली: पेरायची कुरी, बैलजोडी, दोन बायका. पावसाआधी कोरड्या मातीतच पेरलं. आक्का बांधावर खुर्ची टाकून बसलेल्या. "सुमन, चप्पल काढ गं. कचेरी न्हाय ही."

पाऊस लांबला, मग एकदम कोसळला. निम्म्या रानात काही उगवलंच नाही. मी रिकाम्या जागा मोजत राहिले.

"निम्मं आलंय न्हवं? मग तोंड का पाडतीस? दाट हाय तिथलं उपट, मोकळ्यात लाव."

लावलं. दुसऱ्या दिवशी सरही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. "रोपांची वळ सरळ धरा, सर," आक्का बांधावरून म्हणाल्या, "फळा न्हाय म्हणून कसंबी चालणार न्हाय."

श्रावणात आक्का गेल्या. माती देऊन परतताना आम्ही रानाकडे वळलो. भात हिरवंगार डुलत होतं, बगळे खुशाल फिरत होते. "यांना काही कळलेलं नाही," सर म्हणाले. वाक्य त्या रविवारच्या कथेतलंच होतं, पण या वेळी त्यांच्या आवाजात तक्रार होती.

दिवाळीनंतर मळणी झाली. मुलगा पोती भरायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. आधी बियाणं बाजूला काढलं आणि त्याचे नऊ वाटे केले. आठ वाटे मंडळातल्या आठ घरांत, नववा त्याच्या हातात.

"एवढे कशाला, मावशी?"

"एका घरात घुशी शिरल्या, तर आठ राहतात."