कापू की नको

पाच नंबर कॅम्प नावाच्या वस्तीतल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात शीला कटिंगच्या टेबलापाशी उभी राहिली, तेव्हा मी, कौसाबाई शिलाईवाली, कपाळाला हात लावला. बाई हुशार, हातही साफ, पण डोकं म्हणजे नुसती भिंगरी. कापड कापणारा जुना कटिंग मास्तर काम सोडून गेला म्हणून कमलेशशेठनं तिला घेतलं होतं. महिनाभर बघतो म्हणाला, नाही जमलं तर पुन्हा धागे तोडायला बस.

शीला बेलवलीहून यायची. घरात कमावणारी ती एकटी, त्यामुळे ही जागा तिला हवीच होती, आणि म्हणूनच ती घाबरायची. कापडाचे थर लावायची, खडूनं आखायची, पुसायची, परत आखायची. मग टेप घेऊन सगळ्यांकडे फिरायची. "मावशी, बरोबर वाटतंय ना?" मला विचारून झालं, इस्त्रीवाल्याला झालं, एकदा तर चहावाल्यालाही विचारलं. तो बिचारा काय सांगणार, साखर कमी की जास्त?

एके दिवशी जेवणाची वेळ झाली तरी आमच्या मशीनी बंदच. आम्ही नगावर काम करणाऱ्या बाया, नग नाही तर दाम नाही. माझं टाळकं सरकलं.

"शीले, तू विचार करत बसतेस आणि इथं आमची चूल थांबते. चुकलीस तर चुकलीस, पण काप."

तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण शब्द काही मागे घेतला नाही. तिनं कटिंग मशीन चालू केलं आणि एका दमात सगळे थर कापले.

आणि चुकलीच. सगळ्या पँटींचे पाय चार बोटं आखूड.

आता ही रडणार आणि पाप माझ्या माथी, असं मला वाटलं. शीलानं टेप लावून पाय पुन्हा मोजला. त्या वर्षी पोरांमध्ये थ्री-फोर्थची फार फॅशन होती. तिनं खडूनं एकच रेघ मारली, उरलेला पायही गुडघ्याखाली उडवला आणि थप्पी माझ्यापुढे ठेवली. "घ्या मावशी, शिवा."

तेवढ्यात शेठ आला. "ये किससे पूछके काटा?"

"किसी से नहीं, शेठ. लांबी माझ्याकडून चुकली. फुल पँट होत नव्हती, म्हणून थ्री-फोर्थ काढली. आता दुसरे थर लावते आणि लगेच कापते."

शेठनं थप्पीतला एक पाय उचलून पाहिला. मग मोबाईल काढून कोणा व्यापाऱ्याला थ्री-फोर्थ घेतोस का विचारत बाहेर गेला. तिला परत धागे तोडायला बसवायचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही. मीही तिला शीले म्हणायचं सोडलं. आता शीलामास्तर म्हणते.