दोन्ही अंगांना सारखा घास

कायम नोकरीसाठी मला एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीच्या मुलींना वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. कारखान्यातून आलेल्या चादरींच्या टोकांना दशा वळता वळता, गाठी मारता मारता आईची बोटं वाकडी झाली होती. नोकरी लागली की तिचं हे काम बंद, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

विषय मीच निवडला, फितीसारखी कॉम्ब जेली. सोलापुरात समुद्र कुठला, पण मला हौस दांडगी. उबदार समुद्रातला हा हातभर लांब, काचेसारखा आरपार जीव. पोहताना कडेच्या बारीक केसांच्या ओळींवर इंद्रधनुष्याचे रंग सळसळतात. जाळ्यात धरला तर तुटतोच, म्हणून नमुना मिळत नाही. म्हणून प्रतिकृतीच करायची ठरवली. आईला चित्र दाखवून मी नवी पेठेत कागद आणायला गेले.

परत येते तर चादरींच्या पॅकिंगच्या प्लॅस्टिकची झकास पट्टी तयार. वरच्या कडेला चमकी आणि दोन्ही टोकांना सुबक दशा.

"आई, काय केलंस हे? घास पकडायचे धागे खालच्या लांब कडेला असतात. तोंडपण तिथंच, मधोमध."

"टोकाला न्हाय व्हय?" ती पट्टी न्याहाळत म्हणाली. "मग बरंच हाय की. दोनी अंगाला सारका घास जातोय."

मी तणतणतच राहिले. ती दशा सोडवायला बसली, पण तिनं मारलेली गाठ तिलाही सुटत नाही.

दुसरी करायला वेळ नव्हता. वर्गात तीच पट्टी उलगडली आणि मुली फिदीफिदी हसल्या. "मॅडम, टॉवेल हाय का हो?" मागं बसलेल्या परीक्षकांनी माना वर केल्या. माझे कान तापले. मग सरळ सांगून टाकलं, ही चूक माझ्या आईची आहे, आमच्या घरात लांब काही दिसलं की त्याच्या टोकांना दशा येतात. किती जणींच्या घरी असं? निम्मे हात वर गेले.

मग म्हटलं, हा जीव मुळात लांब नाहीच, रुंद आहे. पोहताना टोक नव्हे, तोंडाची अख्खी कड पुढं असते. घाबरला तरच सापासारखा वळवळत पळतो. खाल्लेलं अन्न मधल्या पोटातून नळ्यांनी दोन्हीकडं पोचतं. आईचं वाक्यही सांगितलं. मुलींनी ते वहीत उतरवलं.

नोकरी लागली. चादरींचा गठ्ठा घेऊन आलेल्या रिक्षावाल्याला मी दारातूनच परत पाठवलं, मोठ्या ऐटीत. आई मागंच उभी होती.

"मग आता ह्या हातांनी काय करू गं?" तिनं विचारलं.