आप्पांना घरी आणताना

प्लेग आला की गाव सोडून रानात खोप्या घालून राहायचं, ही आमच्याकडं रीतच होती. उंदीर मरून पडले की दवंडी फिरायची आणि सगळं गाव सामान डोक्यावर घेऊन बाहेर. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. कंधारहून डॉक्टर यायचा, तो वेशीवरूनच माघारी जायचा. आम्ही तिघं आमच्या मळ्यात जाऊन राहिलो: आप्पा, अव्वा म्हणजे माझी आई, आणि मी. मी लग्नाच्या वयाला आले होते. त्या खोपीत अव्वा गेली.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत न्हाईत, बसवून माती देतात. अव्वाला मळ्यातच, विहिरीच्या वरल्या अंगाला माती दिली. पुढं उन्हं तापली, रोग ओसरला, लोकं घरं सारवून परत राहायला लागले. आप्पा मात्र उठेनात. "तिला एकटीला टाकून कसा येऊ?" एवढंच म्हणायचे. गावात आमचं किराणा दुकान होतं, ते बंद पडलं. चुलतीचं घर आमच्या शेजारीच, तिनं मला तिच्याकडं ठेवून घेतलं. मी रोज सकाळी भाकरी घेऊन मळ्यात जायची, तर कालची भाकरी तशीच वाळलेली. आप्पांच्या गळ्याची हाडं वर आली होती. चुलती म्हणाली, "तुझा बाप काय पावसाळा बघत न्हाई बाई." मला तिचा असा राग आला! पण बोलली ते खरं होतं. आईमागं बापही जाणार, हे मला दिसत होतं.

मी मुळात तिखट. रडून भागत न्हाई म्हटल्यावर मी एक नेम धरला. आप्पांना रोज उठवायचं आणि गावाच्या दिशेनं थोडं चालवायचं. कालच्यापेक्षा आज जरा पुढं, मग त्यांना खुशाल माघारी जाऊ द्यायचं. घरी चला म्हटलं की ते खांबासारखे बसायचे, पण "बांधापर्यंत चला" याला न्हाई म्हणायला त्यांना जमेना. पहिल्या दिवशी बांध. मग बाभळ. एक दिवस मला कणकण होती, चुलती म्हणाली पडून राहा आज. मी गेलेच. आज खंड पडला तर उद्या ते उठायचे न्हाईत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाभळीपाशी सगळं अडलं. तिथनं विहीर दिसायची. आप्पा वळून बघायचे, आणि बघितलं की पाय तिकडंच. तीन-चार दिवस असंच. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आप्पा, आजपासून मागं बघायचं न्हाई. काही झालं तरी बघायचं न्हाई."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "खरंच न्हाई बघायचं?"

"न्हाई."

"बरं," म्हणाले, आणि निघाले.

काय सांगू, त्या दिवसापासून माणूस बदलला. ओढ्यापर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या पार. मान सरळ, नजर समोर. भाकरीही थोडी खायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. एक गोष्ट मात्र खटकायची. काट्याकुट्याची जागा आली की आप्पा हळू व्हायचे. ओढा उतरला की पलीकडं उभे राहायचे, न वळता, जरा वेळ. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

आणि मला आवाज यायला लागला. मागं, दगडावर जोडवी वाजल्यासारखा. अव्वाचं पाऊल जड, तिची जोडवी तशीच वाजायची. भर उन्हात माझ्या मानेवर काटा यायचा. वाळल्या शेंगा वाजत असतील, मी स्वतःला दटावायची. वळून बघितलं असतं तर एका क्षणात निकाल लागला असता. पण मीच घातलेला नेम मीच कसा मोडू? दात आवळून चालायची. खोटं कशाला बोलू, मला अव्वाचीच भीती वाटायला लागली होती, आणि त्याचीच लाज.

एक दिवस वेस आली. मी म्हटलं, इथनं माघारी. आप्पा म्हणाले, "आता कशाला माघारी?" आणि सरळ घरापर्यंत चालत गेले. मला आनंदानं रडू फुटलं. त्यांनी कडी काढली, उंबऱ्यावर चढले, आणि अंग चोरून बाजूला झाले. एक माणूस आत जाईल एवढी वाट सोडली.

"ये," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दमलीस लई."

मी तर अजून अंगणातच होते, आणि ते माझ्याकडं बघतही नव्हते.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात गावोगावच्या देवाची एकच कथा सांगतात. भक्त म्हातारा होतो, डोंगर चढायला त्याचे पाय चालेनात. देव म्हणतो, मीच येतो तुझ्या मागं, फक्त वळून बघू नको. बघितलं तर देव तिथंच थांबतो. न बघितलं तर घरी येतो. मी अव्वाला विसरायला नेम घातला होता. आप्पांनी तो तिला आणायला पाळला.

बोलायला माझं तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी रंग आला होता. मी चूल पेटवली. आप्पा पाटावर बसले, शेजारी दुसरा पाट सरकवला, आणि माझ्याकडं बघितलं. मी तीन ताटं वाढली.

आप्पा पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. अव्वा मेली, हे आमच्या घरात आता मला एकटीलाच ठाऊक होतं.