टाचांचे डाग

माझ्या मावशीला क्लबात सगळेच मावशी म्हणतात. सख्खी मात्र ती फक्त माझी. त्यामुळे तिच्या तोंडाचा पट्टा इतरांवर जरा जपून चालतो आणि माझ्यावर सढळ.

एकवीस वर्षं ती क्लबच्या पोहण्याच्या उघड्या तलावाच्या टाइल्स घासते आहे. घासते म्हटलेलं तिला खपत नाही. भांडी घासतात, टाइल आधी ओळखावी लागते, असं तिचं म्हणणं. पाण्याच्या रेषेवर काळपट चिकट पट्टा बसतो तो सभासदांनी अंगाला फासलेल्या क्रीमचा. त्याला खाण्याचा सोडा आणि ओला फडका पुरतो. त्याच्या वर पांढरी खरखरीत कड जमते ती क्षारांची. तिला पाणी घातलेलं व्हिनेगर आणि भरपूर सबुरी लागते. पान कुजून पडलेला तपकिरी डाग क्लोरीनने उडतो. गंजाचा तपकिरी डाग क्लोरीनला दाद देत नाही. दिसायला दोघे जुळे भाऊ. तारेचा ब्रश ती आवारात येऊच देत नाही, कारण त्याची तुटकी तार सांध्यात अडकते आणि तिथेच गंजते. एकदा एका ठेकेदाराचा माणूस अ‍ॅसिडचा कॅन घेऊन आला. तिने कॅन उचलून फाटकाबाहेर ठेवला आणि त्यालाही तीच वाट दाखवली. तो बिचारा गेला. मीही गेले असते.

क्लबात गुरुवारी दुपारी तीन ते चार कामगारांचा तास असतो. पंप बंद करून सफाई सुरू करायच्या आधीचा तो तास मावशीने मिळवला. आठ वर्षं टाइल्स घासून झाल्यावर एके दिवशी ती जुन्या सचिवांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, आम्हालाही पोहायचंय. त्यांनी हसण्यावारी नेलं. पुढच्या गुरुवारी ती परत उभी. चौथ्या गुरुवारी त्यांनी हात टेकले. शेहेचाळिसाव्या वर्षी ती जीवरक्षकाकडून पोहायला शिकली, नाकातोंडात पाणी जाऊन दोनदा तलावाला शिव्या घालून. तेव्हापासून माळी, पहारेकरी दादा, स्वयंपाकघरातल्या दोघी, इस्त्रीवाली, झाडूवाले, असे तिच्यासकट अकरा जण दर गुरुवारी उतरतात. बहुतेकांना पोहता येत नाही. ते उथळ भागातल्या पायऱ्यांवर गळ्यापर्यंत पाण्यात बसतात आणि मोठमोठ्याने बोलतात.

मी बारावी. म्हणजे कधीच न उतरलेली. मला क्लबच्या कार्यालयात चिकटवलं ते मावशीने, पण खुर्ची मिळाल्यावर मला वाटू लागलं की मी त्या अकरांतली नाही. गुरुवारी तीन वाजले की मला नेमकी फाइल सापडायची. मावशीला हे कळत होतं. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि तिच्यासारख्या बाईने एखादी गोष्ट बोलून न दाखवणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं.

यंदा पायऱ्यांवर तपकिरी डाग पडू लागले. मावशी काढायची, आठ दिवसांत ते परत यायचे. एका सभासद बाईंनी लेखी तक्रार केली की गुरुवारी जे लोक पायऱ्यांवर बसतात त्यांच्या टाचांचे हे डाग आहेत, आणि आपली मुलं त्याच पायऱ्यांवर खेळतात. टाचांचे डाग. मी ते पत्र फाइलला लावलं तेव्हा माझे कान तापले होते, पण फाइलला लावलं.

नव्या सचिवांना निमित्तच हवं होतं. तो तास त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होता. त्यांनी मला बोलावून मजकूर सांगितला: 'गुरुवारच्या तासानंतर पायऱ्यांवर डाग वाढतात, असे मी सफाई कामगार या नात्याने नमूद करते.' खाली मावशीची सही. तक्रार सभासदांची नको, सफाई करणारीचीच असली म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही, असा त्यांचा हिशेब.

मावशी चौथीपर्यंत शिकलेली. तिने कागदावर बोट फिरवत दोनदा वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

मी म्हटलं, सचिवांनी सांगितलं, मी फक्त टाइप केलं.

“म्हणजे तू लिहिलंस,” ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

सही केली नाही. उलट सचिवांनाच पायऱ्यांपाशी घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. तिने औषधाच्या दुकानातून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या कुटून जुन्या मोज्यात भरल्या होत्या. साडीचा काठ खोचून ती दुसऱ्या पायरीवर उतरली, मोजा एका डागावर दाबून धरला आणि सचिवांना म्हणाली, साठपर्यंत मोजा. ते मोजेनात, तेव्हा मी मोजलं. मोजा उचलला तर डाग गेलेला, खालची टाइल मूळची निळी. शेजारच्या डागावर तिने क्लोरीनची पूड दाबली. तो जागचा हलला नाही.

तिने समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या बाईंसारखं. मळ असता, पान असतं, तर क्लोरीनने गेलं असतं. गोळीने जातं ते लोखंड. मग ती ओल्या पायांनी काठावर चढली आणि डागांच्या बरोबर वर मांडलेल्या चार नक्षीदार खुर्च्यांपैकी एक तिने उलटी केली. पायांचा रंग उडून गंज धरला होता. काठ तिथे खचला आहे, त्यामुळे रोज सकाळी खुर्च्या धुतल्या की ते पाणी थेट पायऱ्यांवर उतरत होतं.

आता पंचाईत अशी की त्या खुर्च्या अध्यक्षांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या. पाठीवर पितळी पाट्या होत्या. सचिवांनी खुर्ची स्वतःच्या हाताने सरळ केली, रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, “खुर्च्या राहतील. तुमचा तास बंद.”

“डाग खुर्च्यांचे आहेत, साहेब.”

“ते मला दिसलं.”

मला तेव्हा त्यांचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. चूक करणाऱ्या माणसाला समजावता येतं. ज्याला दिसलंय आणि तरी जो तेच करतो, त्याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सूचना टाइप करायला सांगितली: कामगारांनी तलावात उतरू नये, उतरल्यास कामावरून कमी करण्यात येईल. मी माझी अक्कल चालवली. 'सफाईच्या कामाव्यतिरिक्त' हे शब्द मी मध्येच घुसडले. त्यांनी न वाचता सही ठोकली. मला गगन ठेंगणं झालं. संध्याकाळी मी सरळ मावशीच्या घरी गेले. ती ओट्याशी मटार सोलत बसली होती. मी बेत सांगितला: गुरुवारी सगळ्यांनी हातात एकेक ब्रश घेऊन उतरायचं. कुणी विचारलं तर सफाई चाललीय. कुणाची नोकरी जाणार नाही. ब्रशही मी काढून ठेवलेत, बाकीच्यांना सांगूनही झालंय.

मावशीने हातातली शेंग सोलून संपवली.

“हुशार आहेस,” ती म्हणाली. “पण ब्रश घेऊन तर मी आठवडाभर त्या पाण्यात असते गं. तो एक तास मी रिकाम्या हातांनी उतरते. तोच लपवायचा, तर उरलं काय?”

मी म्हटलं, नोकरी जाईल. ती म्हणाली, जाऊ दे, मग तरी गुडघ्यांना सुट्टी मिळेल. मी चिडले, रडलेसुद्धा. तिने मटाराचे चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि जेवून जा म्हणाली.

गुरुवारी तीन वाजता मी खिडकीतून पाहिलं. अकरा जण काठावर रांगेत उभे होते. दहा जणांच्या हातांत ब्रश. मावशीचे हात मोकळे. सूचना फलकावर लावलेली होती आणि त्यांनी ती वाचलीही होती, कारण पहारेकरी दादा पुन्हापुन्हा तिकडेच बघत होते. मावशीने कुणाला काही सांगितलं नाही. पदर कमरेला खोचला, पायऱ्या उतरली आणि हात पसरून खोल पाण्याकडे निघाली. तिचं पोहणं काही सुंदर वगैरे नाही. मान वर, तोंड घट्ट मिटलेलं, पाय धपाधप. पण ती जात होती.

काठावर बराच वेळ कुणी हललं नाही. मग माळ्याने आपला ब्रश खाली ठेवला, नीट, भिंतीला टेकवून. त्याच्यामागून इस्त्रीवालीने. मग एकामागून एक सगळ्यांनी, आणि ते पायऱ्यांवर आपापल्या जागी जाऊन बसले.

सचिव तणतणत माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, वही घ्या आणि चला. मी वही घेतली आणि गेले. काठावर उभं राहून त्यांनी बोटाने सगळे दाखवले.

“एकेकाचं नाव लिहून घ्या. जो जो पाण्यात आहे त्याचं. उद्यापासून फाटकाच्या आत घ्यायचं नाही.”

मावशी तेवढ्यात मध्यावरून परत फिरली होती. तिने मला वहीसकट पाहिलं. रागावली नाही, खुणावलंही नाही. ओळखीचं कुणी रस्त्यात दिसावं तशी पाहत राहिली, एवढंच.

मी पेनाचं टोपण काढलं. पानावर एकचा आकडा घातला आणि त्याच्यापुढे माझं संपूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, सुवाच्य अक्षरात. वही सचिवांच्या हातात दिली. चपला काढून काठावर ठेवल्या आणि ऑफिसच्या कपड्यांनिशी पहिल्या पायरीवर उतरले. पाणी गार होतं. इस्त्रीवाली सरकली आणि तिने मला बसायला जागा करून दिली.