न उचललेली वाळू

आबांना मी कोकणात नेलं ते एका वाक्यासाठी. गावात अजून म्हणतात, पोरगा गेला तर त्याच्या दोस्तानं म्हाताऱ्याला समुद्र दाखवून आणला, पुण्य केलं. पुण्यबिण्य काही नाही. मला आबांच्या तोंडून, चार लोकांसमोर, एवढंच हवं होतं: तिथं खड्डा होता.

खड्डा आमच्या नदीतला. अमळनेरहून एसटीनं जरा आत गेलं की आमचं गाव. दिवसा नदी, रात्री ट्रॅक्टरांचा रस्ता. वाळू नेतात, खड्डे ठेवून जातात, आणि पाणी आलं की वरून सगळं सपाट दिसतं. आबांचा थोरला, माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हैस धुवायला उतरला आणि अशाच एका खड्ड्यात गेला. कागदोपत्री तो 'पोहताना बुडाला'. म्हणजे चूक त्याचीच. मी पत्रकं काढली, बाजाराच्या दिवशी वाटली, कोपऱ्यावर उभा राहून ओरडलो. लोक वाचायचे आणि विचारायचे, "घरचे काय म्हणतात?" घरचे काहीच म्हणत नव्हते. आबांनी तेलाच्या गिरणीत जन्मभर हमाली केली. ओझं उचलताना बोलायचं नसतं, ती सवयच लागलेली.

मग कोकणातून बोलावणं आलं. डोंगरावरचं एक जुनं गाव, खाली खाडी आणि किनारा. तिथल्या खाडीवर वाळू काढणाऱ्यांची नजर पडली होती. गावकऱ्यांनी सभा ठेवली होती, आणि नदी संपलेल्या मुलखातलं कुणीतरी येऊन बोलावं अशी त्यांची इच्छा होती. मी आबांना म्हणालो, "चला." ते का, कशाला न विचारता निघाले. वाटेत मी सांगितलं, "सभेत तुम्ही फक्त एक वाक्य बोला." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी होकार धरला.

गाव सुंदर आहे, खोटं का बोलू. जांभ्या दगडाचा तट, त्यात कमान, कमानीतून आत गेलं की फरसबंदी गल्ली. निम्मी घरं कुलपात. ज्या घरी आमची सोय होती तिथल्या काकूंनी आबांसमोर सोलकढी ठेवली. आबांनी वाटी उचलून उजेडात धरली.

"हाई गुलाबी ताक शे का, अक्का?"

"ताकच समजा. पण म्हशीचं नाही हो, नारळाचं."

"नारळले दोहतस का तुम्ही आठे?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. आबाही हसले. दोस्त गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं. उद्या हा माणूस बोलणार.

दुपारी तटावर गेलो. खाली समुद्र आणि लांबच लांब किनारा, त्यावर एक माणूस नाही, एक टपरी नाही. फिरायला जाणाऱ्यांच्या लेखांमधून अशा जागेला 'अस्पर्श' म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो. आमची नदीही कधीतरी अशीच असणार, पण तिच्यावर कुणी लेख लिहिला नाही. आबा तटाच्या दगडावर हात टेकून बराच वेळ पाहत राहिले. समुद्राकडे नाही, वाळूकडे.

"आठे कोनी उचलस नही का रे?"

"काय?"

"वाळू. इतली पडेल शे. राखण बी नही." मग जरा पुढे वाकून त्यांनी वाटा शोधल्या. "रातले ट्रॅक्टर कोठून येतस?"

ट्रॅक्टर येत नाहीत, असं मी म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं नाही. नुसती पडून असलेली वाळू आबांनी आयुष्यात पाहिली नव्हती, निदान अलीकडे तरी.

आम्ही पायवाटेनं खाली उतरलो. वाटेत त्यांनी कुठल्याशा झाडाची वाळकी काठी मोडून घेतली. मला वाटलं, चालताना आधाराला. किनाऱ्यावर मी चपला काढल्या आणि पाण्याकडे निघालो, तशी त्यांनी काठी माझ्या छातीला आडवी लावली. धोतर खोचून स्वतः पुढे झाले. काठी पाण्यात खुपसायची, दाबून बघायची, मग पाऊल टाकायचं. पुन्हा काठी, पुन्हा पाऊल. मागे वळून मला हातानं थांबवत.

"आबा, हा समुद्र आहे. इथं कुणी खणलेलं नाही."

"तुले काय माहीत?"

गुडघाभर पाण्यात ते थांबले. लाट आली, धोतर भिजलं. माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलले.

"तठे खड्डा व्हता. मी सोता उतरनू त्यामा. मना पाय तळले लागना नही."

मी इतके दिवस त्याच वाक्याच्या मागे होतो. ते आलं, आणि ऐकायला मी, समुद्र आणि दोन बगळे.

"उद्या हेच बोला आबा. एवढंच."

"धाकला ट्रॅक्टरवर शे," ते म्हणाले. "माहीत शे ना तुले? मी बोलनू तं त्याले कोठे धाडू?"

माहीत होतं. धाकटा त्याच वाळूवाल्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर लागला होता, भाऊ गेल्यानंतर. मालकानं स्वतः घरी येऊन काम दिलं, आणि सगळं गाव म्हणालं, बघा, किती मोठं मन. मला ते आठवून तिथंच ओरडावंसं वाटलं. मी ओरडलोसुद्धा, असलं कसलं मोठं मन म्हणून. आबा काठीनं पुढची वाळू चाचपत राहिले.

सकाळी देवळाच्या सभामंडपात सभा झाली. मी बोललो, चांगलं बोललो. शेवटी एक कोळीण उठली, कंबरेवर हात ठेवून. "भाऊ, तो ठेकेदाराचा माणूस सांगतो, खड्ड्यात कोण मरत नाय, दारू ढोसून पोहणारे मरतात. तुमच्याकडे जो गेला, त्याच्या घरचं कोण सांगेल काय आम्हाला?"

प्रश्न रास्त होता. मीही हाच विचारला असता. आबा खांबाशी बसले होते, हात गुडघ्यांवर. मी त्यांच्याकडे बोट केलं असतं तर ते उठले असते. आणि उभं केल्यावर त्यांना खोटं बोलता आलं नसतं.

मी म्हणालो, "घरचं कुणी आलेलं नाही."

ती बाई मान हलवून खाली बसली. तिचा विश्वास तिथंच थोडा कमी झाला. मला दिसलं ते.

नंतर चहा फिरला. काकूंनी आबांच्या हातात कप देत विचारलं, "मुलगा का तुमचा? छान बोलला हो."

आबा कपाकडे बघत म्हणाले, "हां. मनाच शे."

मी कप तसाच कट्ट्यावर ठेवला आणि कमानीबाहेर गेलो. त्यांचा मुलगा व्हायला मी गेलो नव्हतो. त्यांच्या मुलासाठी एक वाक्य मागायला गेलो होतो, आणि ते मीच दाबलं.