कोपऱ्याचा प्लॉट

त्या बाई दोनदा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून काही न बोलता निघून गेल्या होत्या, हे मला आजही आठवतं. तिसऱ्या वेळी आमच्या महिला हवालदाराने त्यांना दारातच गाठलं, चहा पाजला आणि माझ्यासमोर आणून बसवलं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान वारलेले. परभणीतलं राहतं घर बँकेकडे तारण ठेवून त्यांनी झरीच्या रस्त्याला प्लॉट घेतला होता. कर कसा वाचवायचा, कर्ज कुठून काढायचं, प्लॉट कोणता घ्यायचा, सगळं एकाच सल्लागाराने ठरवून दिलेलं. चढ्या भावाने विकून देतो म्हणाला होता. गिऱ्हाईक काही आलं नाही, हप्ते थकले आणि घरावर बँकेची नोटीस लागली.

"मग फिर्याद द्या की, बाई."

"कशी देऊ साहेब? माझ्या रिटर्नमध्ये त्यानंच खोटी वजावट दाखवलीय. तोंड उघडलं तर तुमीच आत जाल म्हणायलाय. लय भीती वाटायलीय."

माझं डोकंच फिरलं. रिटर्न दुरुस्त करता येतं, घर गेलं तर परत येत नाही, हे त्यांना समजावता समजावता दुपार झाली. शेवटी त्यांनी सही केली. शोध घेतल्यावर आणखी पाच खरेदीदार सापडले. त्यांनाही त्याने असंच गप्प बसवलं होतं.

सल्लागार चौकशीला हसतच आला. "साहेब, सगळ्यांची रजिस्ट्री हाय. प्लॉट नंबर वेगवेगळे हायत. गिऱ्हाईक न्हाई मिळालं, त्यात माझा काय गुन्हा?"

कागदात बोट ठेवायला जागा नव्हती. इकडे नोटिशीची मुदत सरत होती आणि बाई रोज फोन करत होत्या. मला जेवण गोड लागेना.

मग मी पंचांना घेऊन जागेवर गेलो. खरेदीदारांना एकेकटं बोलावलं आणि एवढंच सांगितलं, "तुमच्या प्लॉटवर जाऊन उभे राहा." पहिला रस्त्याकडेच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. दुसराही तिथंच. बाईही तिथंच. सहाही जणांना तो एकच कोपरा दाखवला होता. मोजणी झाली तेव्हा त्यांचे रजिस्ट्रीतले प्लॉट मागच्या नाल्यात निघाले.

सल्लागाराला अटक झाली. पण कर्ज खरं होतं, ते अटकेने फिटत नाही. बाई पुन्हा आल्या.

"साहेब, घर विकू का हप्ते भरू? तुमी म्हणाल तसं करते."

मी घाबरलो. त्या सल्लागारासमोरही त्या अशाच विश्वासाने बसल्या असणार. म्हणालो, "मला एकट्याला विचारू नका. बँकेत विचारा, वकिलाला विचारा, घरच्यांशी बोला. दुसऱ्याला सांगू नका म्हणणाऱ्याकडून आधी उठून या."

"घरात बोलायला कोणी असतं, तर मी त्याच्याकडं कशाला गेले असते साहेब?"

लोक हावेपायी फसतात, असं आम्ही पोलीस सर्रास म्हणतो. या बाई एकट्या होत्या म्हणून फसल्या. दुसऱ्या दिवशी आमची हवालदार साध्या साडीत त्यांच्यासोबत बँकेत गेली.